वाटाणा प्रकल्पाच्या नोंदी : नववीचा हिवाळा ते दहावीचा हिवाळा

७ नोव्हेंबर २०२३

नववीला आनुवंशिकतेचा धडा आहे आणि दरवर्षी तो फळ्यावरच होतो, चौकोन काढायचा, आत अक्षरं भरायची, ३:१ लिहायचं, पोरं पाठ करतात आणि मार्क घेतात. यंदा खरोखरचा वाटाणा लावायचं ठरवलंय. अडचण एवढीच की आपल्याकडं मराठवाड्यात वाटाणा थंडीतच येतो, होळी यायच्या आधीच ऊन त्याला जाळून टाकतं, म्हणजे वर्षाला एकच पिढी. एका हिवाळ्यात दोन वाणांचा क्रॉस म्हणजे संकर करायचा आणि खरा निकाल बघायला पुढचा हिवाळा. म्हणून नववीची पोरं धरलीत, पुढच्या वर्षी हीच दहावीला असतील आणि तिथं आनुवंशिकता परत आहेच.

बी दोन प्रकारचं. एक किराणा दुकानातला पांढरा वाटाणा, उसळीचा, वाळलेला, गोल गुळगुळीत, फोडला की आतली डाळ पिवळी. दुसरं कृषी सेवा केंद्रातून आणलेलं अर्कल, भाजीच्या शेंगांचं, त्याचा वाळलेला दाणा सुरकुतलेला आणि आतून हिरवट. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलनं वाटाण्याच्या गुणांच्या ज्या सात जोड्या घेतल्या होत्या त्यातल्या दोन अशा आपल्याला बाजारातच मिळाल्या, गोल-सुरकुतलेला आणि पिवळा-हिरवा. किराण्याचा वाटाणा आधी ओल्या फडक्यात बांधून ठेवला, मोड आले, म्हणजे जिवंत आहे.

शाळेच्या मागं हापशाजवळ खताच्या रिकाम्या गोण्यांत काळी माती आणि शेणखत भरून लावलंय. आधाराला तुराट्या. शिपाई मामा म्हणले मॅडम एवढ्यात काय भाजी पण होणार नाही. आता दिवाळीच्या सुट्टीत पाणी कोण घालणार यावरच पोरांची भांडणं लागलीत, ज्यांची घरं जवळ आहेत ती म्हणायलेत आम्हीच का.


१ डिसेंबर २०२३

अवकाळी पाऊस येऊन गेला, तीन-चार गोण्यांत पाणी साचून रोपं पिवळी पडली, बाकीची ठीक.

आज एक भारी गोष्ट दिसली. किराण्याच्या वाटाण्याला नीट पानंच नाहीत! खाली देठापाशी दोन मोठी पानं असतात ती आहेत, पण वर जिथं पानांच्या जोड्या यायला पाहिजेत तिथं नुसत्या हिरव्या तारांचा गुंता. पोरांना वाटलं रोग पडला. रोग नाही, हा एक वेगळा गुण आहे, पानांच्या जागी पण तणावेच येतात. आपल्या किराण्यातला वाटाणा बऱ्याचदा कॅनडा-रशियाकडून आलेला असतो आणि कॅनडातल्या पुष्कळ वाणांची झाडं अशीच असतात, तारा एकमेकींत अडकून पीक उभं राहतं, लोळत नाही, मशीननं कापायला सोपं. हा गुण अप्रभावी, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून तारेवालं जनुक आलं तरच झाड तारेवालं होतं, एकाकडून जरी साधं आलं तरी पान साधंच.

मी ही जोडी मागितली नव्हती, फुकटात मिळाली. आणि पुढं लई कामाला येणार आहे, कारण क्रॉस खरंच झाला का हे रोप चार बोटांचं असतानाच कळंल.


२८ डिसेंबर २०२३

शेवटी फुलं जुळली. अर्कल लवकर येणारं, किराण्याचा उशिरा, त्यामुळं अर्कलची दुसरी खेप दहा-बारा दिवसांनी मुद्दाम लावली होती, तिची फुलं आज कामी आली.

वाटाण्याचं फूल बाहेरून उमललेलं दिसतं तोपर्यंत आत सगळं उरकलेलं असतं. कळी बंद असतानाच परागकोश फुटतात आणि स्वतःचेच पराग स्वतःच्याच कुक्षीवर पडतात, म्हणून वाटाणा पिढ्यानपिढ्या शुद्ध राहतो आणि म्हणूनच मेंडेलला तो सोयीचा पडला. पण क्रॉस करायचा तर परागकोश फुटायच्या आधीची कळी पकडायची, पाकळ्या नुकत्या बाहेर डोकवायल्यात अशी. वरची मोठी पाकळी मागं करायची, आतली होडीसारखी पाकळी सुईनं चिरायची आणि चिमट्यानं १० पुंकेसर एकेक काढायचे, नऊ एका गठ्ठ्यात असतात आणि एक सुटा, तो सुटाच राहून जातो. एक जरी राहिला तरी सगळं वाया. मग दुसऱ्या झाडाचं आज सकाळी उमललेलं फूल तोडून त्याचे पराग इथल्या कुक्षीवर टेकवायचे, वर पातळ कागदाची पिशवी, देठाला रंगीत दोरा. लाल दोरा म्हणजे आई अर्कल, निळा म्हणजे आई किराण्याची.

बऱ्याच कळ्या गळाल्या. पोरींचा हात पोरांपेक्षा हलका चालला, त्यातली एक घरी शिलाईचं काम करती तिनं सगळ्यात जास्त कळ्या निभावल्या. पोरांपैकी एकानं विचारलं, मॅडम फुलाला दुखत नसंल का. वर्गात हशा झाला पण त्यानं त्यानंतर चिमटा हातात घेतला नाही, त्याला दोऱ्याचं काम दिलं.


९ जानेवारी २०२४

वानरं आली होती. दोन गोण्या उलट्या. दोरा बांधलेल्या शेंगा वाचल्या कारण मामांनी वेळेवर फटाका लावला.

शेंगा भरेपर्यंत वर्गात माणसाच्या गुणांचा सर्व्हे घेऊ म्हणलं तर सगळ्यांनी आधी जीभ काढली. जीभ गुंडाळता येणं हे एका जनुकाचं काम, येती तो प्रभावी आणि न येती तो अप्रभावी, असं अजून सगळीकडं शिकवतात. स्टर्टेव्हंट नावाच्या शास्त्रज्ञानं १९४० ला तसं मांडलं होतं हे खरं, पण १९५२ ला जुळ्यांवर बघितलं तर एकसारख्या जुळ्यांमध्ये पण एकाला येती आणि एकाला नाही असं सापडलं. जनुकं तीच, मग फरक कुठून आला? म्हणजे तेवढं सरळ नाही. कानाची पाळी चिकटलेली की सुटी याचं पण तसंच, मधल्या सगळ्या तऱ्हा दिसतात. हे मी मुद्दाम सांगते कारण एका पोरीला जीभ गुंडाळता येत नव्हती आणि आई-बाप दोघांना येत होती, आणि शेजारच्यानं लगेच काहीतरी वंगाळ जोक मारला. आई-बाप दोघांना येऊन लेकराला न येणं तसंही जुन्या नियमात बसतंच, आणि हा गुण त्या नियमाचा नाहीच. अशा गोष्टीवरनं कोणाचं आईबापपण ठरवायला जाणं म्हणजे अर्धवट ज्ञानाचा धंदा.

त्यापेक्षा रक्तगट बरा. एबीओचं एकच जनुक, तीन रूपं, ए आणि बी दोन्ही बरोबरीनं दिसतात, ओ दोघांपुढं दबतो. ए आणि बी गटाच्या आई-बापाला ओ गटाचं लेकरू होऊ शकतं, दोघांकडं लपलेला ओ असला तर. यावर मात्र पोरं खरंच शांत बसून विचार करायली.


१४ फेब्रुवारी २०२४

पहिली पिढी हातात.

लाल दोऱ्याच्या शेंगा, म्हणजे आई अर्कल. त्याच झाडाच्या बिनदोऱ्याच्या शेंगेत सगळे दाणे सुरकुतलेले हिरवे, आणि दोऱ्याच्या शेंगेत टपोरे गोल पिवळे! एकाच झाडावर, बोटभर अंतरावर. दोन शेंगांत मात्र सुरकुतलेलेच निघाले, तिथं पुंकेसर राहिला असणार, ते बाजूला काढले. निळ्या दोऱ्याच्या शेंगेत पण सगळं गोल पिवळं, पण तिथं आईच गोल पिवळी असल्यामुळं क्रॉस झाला का नाही हे बी बघून कळत नाही. ते पुढच्या वर्षी पानावर कळंल.

इथं एक गाठ सोडवायला सगळा तास गेला. शेंग आईची, मग दाणा बापासारखा कसा? शेंगेचं टरफल आईचं, दाण्याच्या वरची पातळ साल पण आईचीच, पण आतली डाळ म्हणजे नवीन बाळरोप, ते पुढच्या पिढीचं. म्हणून गोल-सुरकुतलेला आणि पिवळा-हिरवा हे गुण एक पिढी आधीच, आईच्या शेंगेतच दिसतात. झाड लावायची वाट बघावी लागत नाही. उंची नाहीतर पान बघायचं तर पेरावंच लागतं.

अक्षरं आम्ही आमचीच घेतलीत. गोलाचं जनुक ‘गो’, सुरकुतल्याचं ‘सु’, पिवळ्याचं ‘पि’, हिरव्याचं ‘हि’. अर्कल म्हणजे सुसु हिहि, किराण्याचा गोगो पिपि. प्रत्येक पालक जोडीतलं एकच देतो. त्यामुळं लेकरू गोसु पिहि, आणि दिसायला गोल पिवळं.

सुरकुती का पडते हे आता नीट माहीत आहे. साखरेचं स्टार्च करायला एक एन्झाइम लागतं, त्या एन्झाइमच्या जनुकात डीएनएच्या साधारण ८०० अक्षरांचा एक उपरा तुकडा घुसलेला आहे म्हणून ते काम करत नाही. हे १९९० ला शोधलं. स्टार्च कमी, साखर जास्त, साखरेमुळं दाणा पाणी जास्त ओढतो आणि वाळताना आकसून सुरकुततो. भाजीचा वाटाणा गोड लागतो तो याच बिघाडामुळं. गोसु मध्ये एक चांगली प्रत असती, तेवढ्या एन्झाइमवर भागतं, दाणा गोल राहतो. प्रभावी म्हणजे ताकदवान असं पोरांच्या डोक्यात असतं, जसं काही ‘गो’ नं ‘सु’ ला दाबून धरलंय. तसं कुणी कुणाला दाबत नाही, एक प्रत काम करती आणि दुसरी करत नाही एवढंच.

सगळं बी कागदी पाकिटात, कडुलिंबाचा पाला टाकून, लॅबच्या कपाटात.


२० जून २०२४

पेरण्या चालू. एका पोराचे वडील दाखल्याच्या कामाला आले होते, वाटाण्याचं ऐकून म्हणले मॅडम मग आमच्या सरकीचं पण सांगा, घरच्या बीटीची सरकी ठेवून लावली तर काय होतं, पाकीट घ्यायला दरवर्षी रांग लावावी लागती.

त्यांच्या घरी मालदांडी ज्वारी आहे, बी आज्ज्यापासून घरचंच. तिथं बी ठेवलं तर चालतं कारण मालदांडी सरळ वाण आहे, जोडीतली दोन्ही जनुकं बहुतेक ठिकाणी एकसारखीच, वाटून काय वाटणार. हायब्रीड म्हणजे आमची गोसु पिहि. शेतात पहिली पिढी एकसारखी उभी राहती, पण तिच्या पोटातली सरकी ही दुसरी पिढी, तिथं जोड्या फुटतात. उंची, बोंडाचा आकार, धागा, फुटायची वेळ, हे सगळं शेकडो जनुकांवर, म्हणून घरची सरकी लावली की एका ओळीत दहा तऱ्हेची झाडं.

बीटीचं तर अजून स्पष्ट आहे. बीजी-टू म्हणजे सध्याच्या बीटी कापसात मातीतल्या एका जिवाणूची, अळीला मारणारं विष बनवणारी दोन जनुकं घातलीत, क्राय-१-एसी आणि क्राय-२-एबी. आपल्याकडच्या पुष्कळ हायब्रीडमध्ये ती एकाच पालकाकडून आलेली असतात, जोडीतलं दुसरं खण रिकामं. मग पुढच्या पिढीत १६ मागं ९ झाडांत दोन्ही, ६ मध्ये एकच, आणि एकात काहीच नाही. पाकिटावर असलं काही लिहिलेलं नसतं.

आणि आमच्या वाटाण्यानं जे शिकवलं तेच इथं पण, बोंडातली सरकी ही आधीच पुढची पिढी. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरून सरकीच खाती. विकतच्या बियाण्याच्या शेतात पण एकाच बोंडात कुठल्या सरकीत दोन्ही विषं, कुठल्यात एक, कुठल्यात शून्य, अळीला थोडं थोडं पचवत तयारी करायला बरीच जागा. २०१७ ला बोंडअळीनं मराठवाड्यात जे नुकसान केलं त्याला एवढं एकच कारण नव्हतं, फरदड म्हणजे वेचणी झाल्यावर पण तीच झाडं पुढं ठेवणं होतं, नॉन-बीटीच्या कडेच्या ओळी न लावणं होतं, पण हे पण त्यातलं एक असू शकतं असं काही शास्त्रज्ञ मांडतात. त्या पोराच्या वडिलांनी ऐकून घेतलं आणि विचारलं मग कापसात मालदांडीसारखं काही नाही का. आहे, परभणीच्या विद्यापीठाचे देशी कापसाचे सरळ वाण आहेत, त्याचं बी ठेवता येतं. धागा आणि उताऱ्याचं गणित वेगळं, ते त्यांचं त्यांनी बघावं, तिथं मी शहाणपणा केला नाही.


२२ ऑक्टोबर २०२४

पोरं दहावीत. गोसु पिहि बी पेरलं, लाल पाकिटातलं वेगळं, निळ्यातलं वेगळं.


१४ नोव्हेंबर २०२४

इलेक्शन ड्युटीच्या ट्रेनिंगमधून सुटून आज बघायला मिळालं. लाल पाकिटाची सगळी रोपं साध्या पानाची. निळ्या पाकिटातल्या काही रोपांना साधी पानं आणि काहींना तारा. तारेवाली म्हणजे तिथं क्रॉस झालाच नव्हता, आईचेच पराग पडले होते. उपटून टाकली. ती उपटताना पोरांचा जीव कासावीस, पण ठेवली असती तर पुढची सगळी मोजणी बाद.

साध्या पानाची जी राहिली ती सगळी एकसारखी, आई अर्कल असो का किराण्याची. आईकडून आलं का बापाकडून यानं फरक पडला नाही. हे गुण कुणाकडून आले यावर अवलंबून नसतात, हे मेंडेलनं पण दोन्ही बाजूंनी क्रॉस करून बघितलं होतं.


१७ डिसेंबर २०२४

शेळीचा प्रश्न. एका पोरीकडं उस्मानाबादी शेळ्या आहेत, काळ्या, त्यातली एक भुंडी, आणि यंदा भुंडाच बोकड आणलेला. एक करडू असं झालंय की ना धड पाठ ना धड बोकड. आज्जी म्हणती नजर लागली.

हे वाटाण्याच्या पुढचं आहे आणि फार सुंदर आहे. शेळीत भुंडेपण प्रभावी, एक प्रत असली तरी शिंगं येत नाहीत. पण त्याच जागेचा दुसरा परिणाम असा की मादी करडात दोन्ही प्रती भुंडेपणाच्या आल्या तर तिचं मादीपण नीट घडत नाही, शरीर नराकडं झुकतं, ती गाभण राहत नाही. गुणसूत्रं मादीचीच असतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी २००१ ला दाखवलं की पहिल्या गुणसूत्रावरचा साधारण ११,७०० अक्षरांचा तुकडा गळालेला असतो, आणि तो तुकडा म्हणजे जवळच्या जनुकांना चालू-बंद करायचं बटण. म्हणजे एकच बदल, शिंगांच्या बाबतीत प्रभावी आणि लिंगाच्या बाबतीत अप्रभावी. पुस्तकात प्रभावी-अप्रभावी असं जनुकाच्या कपाळावर लिहिल्यासारखं येतं, खरं तर ते प्रत्येक गुणापुरतं बघायचं असतं.

उपाय सोपा, भुंड्या शेळीला शिंगवाला बोकड दाखवायचा. मग दोन्ही प्रती भुंड्या यायचा प्रश्नच नाही. पोरीनं घरी जाऊन सांगितलं, आज्जीनं नजर पण उतरवली आणि बोकड पण बदलायचं ठरवलं.


३ जानेवारी २०२५

सावित्रीबाईंची जयंती, बालिका दिन, शाळेत आया-आज्या आल्या होत्या. भाषणं झाल्यावर दहावीच्या पोरींनी एक खेळ ठेवला. बायकोच्या हातात दोन चिठ्ठ्या, दोन्हीवर एक्स. नवऱ्याच्या हातात दोन, एकीवर एक्स, एकीवर वाय. डोळे झाकून दोघांनी एकेक द्यायची. बाई काहीही देवो, एक्सच जाणार. मुलगा का मुलगी हे नवऱ्याच्या चिठ्ठीवर. मागं बसलेल्या एका आज्जीनं मोठ्यानं विचारलं, मंग आमच्या सुनेला आम्ही उगंच बोललो व्हय? सून शेजारीच बसली होती. कोणी हसलं नाही, मग सगळ्याच हसल्या.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आला. तीन पोरी झाल्यात तर आता चौथ्याला पोरगा व्हायचा चान्स जास्त का. नाही. चिठ्ठी दर वेळेला नव्यानं उचलायची असती, आधी काय निघालं हे तिला माहीत नसतं. चार लेकरांच्या १६ घरांमागं सरासरी एका घरात चारही पोरीच निघणार आणि एकात चारही पोरं, त्यात कुणाचा गुण-दोष नाही. हे मी गणित म्हणून सांगितलं पण शेजारच्या बीड जिल्ह्याचा आकडा पण सांगितला, २०११ च्या जनगणनेत ६ वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागं ८०७ मुली. चिठ्ठ्यांचा खेळ कितीही खेळला तरी एवढ्या मोठ्या जिल्ह्यात असा आकडा आपोआप येत नाही. तो माणसांनी आणलाय. गर्भलिंग तपासणीविरुद्ध १९९४ चा कायदा आहे आणि तरी.

जाताना एक बाई हळूच विचारून गेल्या, मी सावळी आणि हे गोरे, पोरगी मधल्या रंगाची, मग हे तर मिसळलंच की? चांगला प्रश्न, पोरांना पण हाच पडला होता. कातडीच्या रंगाला एक नाही, कितीतरी जनुकं आहेत, प्रत्येकाचा वाटा थोडा थोडा. ती एकेक अख्खीच येतात, पण बेरीज मधली दिसती. उंचीचं पण तसंच, त्यात खाणं-पिणं वेगळं. दारातल्या गुलबक्षीत तर एकाच जनुकाचं असं होतं, लाल आणि पांढऱ्याची पहिली पिढी गुलाबी, कोणी म्हणंल रंग कालवला. पण त्या गुलाबीचं बी पेरलं की परत चोख लाल आणि चोख पांढरी झाडं निघतात, १:२:१. कालवलेला रंग परत वेगळा होत नसतो.


८ फेब्रुवारी २०२५

मोजणी. मुद्दाम आजच ठेवली, १८६५ ला ८ फेब्रुवारीलाच मेंडेलनं ब्रनोच्या निसर्गशास्त्र मंडळापुढं आपला निबंध वाचायला सुरुवात केली होती, उरलेला भाग ८ मार्चला. १८६६ ला छापून आला आणि १९०० पर्यंत जवळजवळ कुणी ढुंकून बघितलं नाही.

शेंगा झाडावरच पूर्ण वाळू दिल्या. ओला वाटाणा सगळाच गोल आणि सगळाच हिरवा दिसतो, घाई करून उपयोग नाही. हिरवे दाणे उन्हात राहिले की फिके पडतात, म्हणून जिथं शंका आली तिथं नखानं साल खरवडून आतली डाळ बघितली. प्रत्येक दाणा दोघांनी वेगवेगळा बघायचा आणि जमलं नाही तर तिसऱ्यानं.

पहिली शेंग सोलली तर सहा दाणे, सहाही गोल पिवळे. पोरांची तोंडं उतरली. दुसऱ्या शेंगेत पाच दाणे आणि त्यात तीन सुरकुतलेले, आणि त्यातला एक हिरवा. एकदम ओरडाच झाला, मामा पळत आले की साप निघाला का काय. वर्षभर कुठल्याच दाण्यात न दिसलेला अर्कलचा दाणा, तसाच्या तसा, जराही गोलाई न लागलेला, गोल आई-बापाच्या शेंगेतून बाहेर.

एकूण २११ दाणे.
गोल पिवळे १२४, गोल हिरवे ३३, सुरकुतलेले पिवळे ४३, सुरकुतलेले हिरवे ११.

गोल हिरवे आणि सुरकुतलेले पिवळे, हे दोन प्रकार ना अर्कलमध्ये होते ना किराण्यात. पोरांना हेच जास्त आवडलं, की वाटणी करताना गोल-सुरकुतलेलाची जोडी पिवळ्या-हिरव्याच्या जोडीला विचारत नाही. वाटाण्यात गुणसूत्रांच्या ७ जोड्या, ही दोन जनुकं वेगवेगळ्या जोड्यांवर आहेत म्हणून हे होतं. एकाच गुणसूत्रावर शेजारी-शेजारी असती तर बहुतेक वेळा एकत्रच गेली असती.


१२ फेब्रुवारी २०२५

आकड्यांवरनं वाद. गोल १५७ आणि सुरकुतलेले ५४, म्हणजे २.९:१, अपेक्षा ३:१ ची, सगळे खुश. पिवळे १६७ आणि हिरवे ४४, म्हणजे ३.८:१. वर्गातला सगळ्यात हुशार पोरगा म्हणला मॅडम आठ-नऊ पिवळे हिरव्यात लिहू, प्रदर्शनात कोण मोजणार. हे होणारच होतं. मेंडेलचा पिवळा-हिरव्याचा आकडा ६०२२ ला २००१, म्हणजे ३.०१, पण ते ८०२३ दाणे होते, आपले २११. दाणे कमी असले की आकडा हेलकावे खातो. तरी मी रात्री बसून काय-स्क्वेअर काढला, म्हणजे आकडा अपेक्षेपासून नुसत्या योगायोगानं हलतो तेवढाच हललाय का हे बघायची कसोटी. दोन जोड्यांचं अपेक्षित प्रमाण ९:३:३:१, त्याच्याशी चारही गटांचा मिळून १.९९ आला, ७.८२ च्या वर गेला असता तर चिंता. नुसत्या पिवळ्या-हिरव्याचा १.९४, त्याची हद्द ३.८४. म्हणजे आपला आकडा बसतो, त्याला हात लावायची गरज नाही.

आणि गंमत अशी की स्वतः मेंडेलचेच आकडे जरा जास्तच चांगले बसतात, असं फिशर या संख्याशास्त्रज्ञानं १९३६ ला दाखवलं आणि त्यावर अजून वाद चालू आहेत. पोरांना म्हणलं, आपल्यावर तो आरोप कोणी करणार नाही.

सहापैकी सहा गोल निघालेल्या पहिल्या शेंगेचं पण काढलं. प्रत्येक दाणा गोल असायची शक्यता पाऊण, सहा वेळा गुणली की ०.१८, म्हणजे सहा दाण्यांच्या शंभर शेंगांत अशा अठरा-एक निघणारच. ३:१ हे एका शेंगेला दिलेलं वचन नाही. प्रत्येक शेंगेतून चारात एक सुरकुतलेला निघालाच पाहिजे असं समजून आधी दोन पोरं शेंगच चुकीची आहे म्हणून बाजूला ठेवायली होती. एका पोरीनं बाकावरूनच सांगितलं, मॅडम ते बालिका दिनाचंच गणित आहे, तीन पोरींच्या घराचं. बरोबर.


१५ फेब्रुवारी २०२५

बोर्डाची परीक्षा २१ तारखेला, म्हणून प्रकल्प आज बांधून ठेवला.

राहिलेलं काम एकच आहे. १५७ गोल दाण्यांत कुठला गोगो आणि कुठला गोसु हे बघून कळत नाही, दोन्ही तितकेच गोल. पेरून त्याच्या शेंगा उघडल्या तरच कळंल. मेंडेलनं ५६५ गोल दाण्यांची झाडं लावली, १९३ झाडांत नुसते गोल आणि ३७२ मध्ये दोन्ही तऱ्हेचे, म्हणजे एकास दोन. तारेवाली पानं पण आता या पिढीच्या झाडांतच परत दिसतील, चारात एक. त्यासाठी गोल दाणे पोरांना वाटून दिले, प्रत्येकाला एक पाकीट, वर झाडाचा नंबर आणि दोऱ्याचा रंग. दिवाळीनंतर घरच्या हरभऱ्याच्या कडेला लावायचे, झाडागणिक शेंगा वेगळ्या ठेवायच्या, आणि भाजीत टाकायच्या नाहीत, हे तीनदा सांगितलं तरी दोघं-तिघं टाकणार हे मला माहीत आहे.

सुरकुतलेले हिरवे ११ दाणे शाळेतच ठेवलेत, काचेच्या बाटलीत, नवीन नववीसाठी. त्यांचं पेरलं तर काय निघंल हे त्यांनी आधी वहीत लिहायचं आणि मग पेरायचं. शिलाईवाल्या पोरीनं तिचे दोन चिमटे जमा केले, एकाचं टोक वाकलंय, नवीन घ्यावा लागंल.